त्याच दिवशी पडले, त्याच दिवशी निवडून आले: पोटनिवडणूक आणि नेहमीची निवडणूक

६ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या ११व्या मतदारसंघातून केरी बेंटिव्होलिओ निवडून आले. त्याच दिवशी त्याच मतदारसंघात ते पडलेही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या दिवशी काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या, आपल्याकडच्या पक्षाच्या नव्हे) प्रतिनिधी सभेतल्या या जागेसाठी दोन निवडणुका होत्या. एक जुन्या मुदतीतले उरलेले दिवस भरून काढण्यासाठी, म्हणजे पोटनिवडणूक. दुसरी ३ जानेवारी २०१३ पासूनच्या दोन वर्षांसाठी, दर सम वर्षी होते ती नेहमीची. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळले की बेंटिव्होलिओंची सगळी कारकीर्दच चुकीची वाचली जाते.

आधी हा माणूस कोण ते पाहू. जन्म १९५१, डेट्रॉइट. व्हिएतनाम आणि इराक, दोन्ही युद्धांत सैनिक. शाळेत शिक्षक. मिलफर्डजवळ रेनडिअर पाळायचे आणि नाताळात सांताक्लॉज व्हायचे. २०१२ साली रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) ते विद्यमान खासदार थॅडियस मॅकॉटर यांच्याविरुद्ध उभे राहिले, तेव्हा त्यांना कोणी फारसं धरलं नव्हतं. पारडं फिरलं ते कागदपत्रांमुळे.

मिशिगनमध्ये प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव यायला मतदारसंघातल्या नोंदणीकृत मतदारांच्या किमान १,००० वैध सह्या लागतात. अनुभवी उमेदवार कमाल मर्यादेच्या जवळ, म्हणजे २,००० पर्यंत सह्या देतात, कारण छाननीत बऱ्याच गळतात: पत्ता दुसऱ्या मतदारसंघातला निघतो, एकाच मतदाराने दोनदा सही केलेली असते, सह्या गोळा करणाऱ्याने तारीख चुकीची टाकलेली असते. मॅकॉटर पाच वेळा निवडून आलेले, त्यांना हे शिकवायची गरज नव्हती. पण त्यांच्या कार्यालयाने दिलेल्या अर्जांत जुन्या निवडणुकीतल्या पानांच्या झेरॉक्स चिकटवलेल्या निघाल्या. वैध सह्या उरल्या २४४. पुढे चार कर्मचाऱ्यांवर आरोप ठेवले गेले, मॅकॉटर यांच्यावर मात्र नाही. त्यांचं नाव मतपत्रिकेवरून गेलं, आणि पक्षाच्या छापील यादीत बेंटिव्होलिओ एकटे राहिले.

घाबरलेल्या पक्षनेत्यांनी माजी राज्य सिनेटर नॅन्सी कॅसिस यांना राइट-इन म्हणून उतरवलं. राइट-इन म्हणजे नाव छापलेलं नसतं. मतदाराने ते मोकळ्या ओळीवर स्वतः लिहायचं आणि शेजारचा गोलही भरायचा. उमेदवारालाही आधी लेखी इरादा नोंदवावा लागतो, नाहीतर ती मतं मोजलीच जात नाहीत. ७ ऑगस्टच्या प्रायमरीत बेंटिव्होलिओंना जवळपास दोन तृतीयांश मतं मिळाली. छापील नाव विरुद्ध लिहायचं नाव ही लढत बहुतेक वेळा अशी एकतर्फीच होते.

इथपर्यंत एकच निवडणूक होती. ६ जुलैला मॅकॉटर यांनी राजीनामा दिला आणि दुसरी जन्माला आली.

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या कलमानुसार प्रतिनिधी सभेची जागा रिकामी झाली की राज्याच्या गव्हर्नरने निवडणुकीचा आदेश काढायचा. सिनेटची जागा बहुतेक राज्यांत गव्हर्नर नेमणूक करून तात्पुरती भरतो. प्रतिनिधी सभेत ती सोय नाही, मतदानच घ्यावं लागतं. मुदत थोडीच उरली म्हणून सोडून द्या, असंही घटना म्हणत नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१अ नुसार सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची, पण मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल तर नको. त्यातही वाद होतातच. गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले तेव्हा पुणे लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त उरली होती. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये पोटनिवडणूक घ्यायला सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, आणि पोटनिवडणूक झालीच नाही. मिशिगनमध्ये मात्र सात-आठ आठवड्यांच्या खासदारकीसाठी वेगळी प्रायमरी (५ सप्टेंबर) आणि वेगळं अंतिम मतदान झालं. अंतिम मतदान ६ नोव्हेंबरलाच ठेवलं, त्यामुळे निदान तो खर्च नेहमीच्या निवडणुकीत मुरला.

खरी मेख हद्दीत आहे, आणि बहुतेकांचं लक्ष तिथे जात नाही. २०१० च्या जनगणनेनंतर मतदारसंघ नव्याने आखले गेले होते. नेहमीची निवडणूक नव्या ११व्यात झाली. पोटनिवडणूक मात्र मॅकॉटर ज्या हद्दीतून निवडून आले होते त्या जुन्या ११व्यात, कारण रिकामी झालेली जागा ती होती. वेस्टलँड आणि गार्डन सिटी जुन्या ११व्यात होतं, नव्यात नाही. ट्रॉय नव्यात होतं, जुन्यात नाही. म्हणजे वेस्टलँडच्या मतदाराला ११व्याच्या फक्त उरलेल्या मुदतीसाठी मत देता आलं, ट्रॉयच्या मतदाराला फक्त पूर्ण मुदतीसाठी. लिव्होनिया, नोव्ही, मिलफर्ड इथल्या मतदारांच्या हातात मात्र एकाच मतपत्रिकेवर प्रतिनिधी पदाच्या दोन चौकटी आल्या: एक दोन वर्षांची, दुसरी ३ जानेवारी २०१३ ला संपणारी. एक भरून दुसरी मोकळी सोडली तरी मतपत्रिका बाद होत नाही.

निकाल असे लागले. पूर्ण मुदतीसाठी बेंटिव्होलिओंनी डेमोक्रॅट डॉ. सय्यद ताज यांना सुमारे ५१ विरुद्ध ४४ टक्क्यांनी हरवलं. उरलेल्या मुदतीत डेमोक्रॅट उमेदवारच वेगळा होता: वाहन कामगार संघटनेतले डेव्हिड कर्सन. त्यांनी बेंटिव्होलिओंना सुमारे ४८ विरुद्ध ४६ टक्क्यांनी पाडलं. ‘लोकांनी जाणूनबुजून मत फोडलं’ असा अर्थ यातून काढण्याचा मोह होतो. थोडं तसं झालंही असेल, पण आधी हद्द पाहावी. कामगार वस्तीचं वेस्टलँड ज्या मोजणीत आहे ती आणि ट्रॉय ज्या मोजणीत आहे ती, या दोन्ही शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही.

मत फुटल्याचं नीट सिद्ध करता येणारं उदाहरण हवं तर नांदेडचं घ्या. २० नोव्हेंबर २०२४ ला लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेचं मतदान एकत्र झालं. सहाही विधानसभा जागा महायुतीकडे गेल्या आणि लोकसभा काँग्रेस पक्षाने १,४५७ मतांनी राखली. तिथे हद्द तीच होती, मतदार तेच होते.

शपथही दोघांची वेगवेगळ्या वेळी झाली. पोटनिवडणुकीत जिंकणारा लगेच सभागृहात बसतो. कर्सन यांनी १३ नोव्हेंबरला शपथ घेतली आणि ३ जानेवारीला त्यांची मुदत संपली. नेहमीच्या निवडणुकीत जिंकणाऱ्याला नवी काँग्रेस भरेपर्यंत थांबावं लागतं. बेंटिव्होलिओ दोन्ही जिंकले असते तर सात आठवडे आधी आत गेले असते, आणि नव्याने आलेल्या इतर खासदारांपेक्षा ज्येष्ठतेत वर राहिले असते.

त्यांच्या पुढच्या मोहिमा थोडक्यात. २०१४ ला विद्यमान खासदार असूनही प्रायमरीत डेव्हिड ट्रॉट यांच्याकडून जवळपास दोनास एक असे हरले. मग नोव्हेंबरमध्ये स्वतःच राइट-इन झाले आणि दोन टक्केही मतं मिळाली नाहीत. २०१६ ला अपक्ष, म्हणजे या वेळी नाव छापलेलं, पण पक्ष नाही. तेव्हा आकडा थोडा वर गेला इतकंच. २०१८ ला पुन्हा रिपब्लिकन प्रायमरी, पुन्हा हार.

जुनी कागदपत्रं चाळताना तारखेऐवजी काँग्रेसचा क्रमांक पाहावा (दर दोन वर्षांच्या मुदतीच्या काँग्रेसला नवा क्रमांक असतो). ११२व्या काँग्रेसच्या यादीत मिशिगन ११ समोर मॅकॉटर आणि कर्सन ही दोन नावं आहेत. ११३व्या यादीत बेंटिव्होलिओ एकटे.