अडीच देवमाशांचं कोष्टक

पूर्वी शाळेत कोष्टकं पाठ करून घेत. चार पावशेर म्हणजे एक शेर, चाळीस शेर म्हणजे एक मण. असंच एक कोष्टक दुसऱ्या महायुद्धानंतर चांगली पंचवीस वर्षं अंटार्क्टिकाच्या समुद्रात चाललं. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा सहा सेई; या सगळ्या देवमाशांच्याच जाती. या मापाचं नाव ‘ब्लू व्हेल युनिट’. अर्धा हंपबॅक कुठून आणायचा, असं कुणाच्याही मनात येईल. पण हे कोष्टक जनावरांचं नव्हतंच, तेलाचं होतं. एका निळ्या देवमाशातून जेवढं तेल निघतं तेवढ्यासाठी दोन फिन मारावे लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

माप जन्मालाही बाजारातच आलं. १९२५ साली ‘लान्सिंग’ हे नॉर्वेचं फॅक्टरी जहाज, म्हणजे देवमासा कापून तेल काढणारा तरंगता कारखाना, दक्षिणेत गेलं. त्याच्या मागच्या बाजूला एक उतार होता, त्यावरून अख्खा देवमासा ओढून डेकवर घेता येई. किनाऱ्यावरच्या कारखान्याची गरजच संपली. १९३०-३१ च्या एका हंगामात ४१ फॅक्टरी जहाजं अंटार्क्टिकात उतरली आणि २९,००० हून जास्त निळे देवमासे मारले गेले. मार्गारीन आणि साबण करणाऱ्यांना एवढं तेल नको होतं. भाव गडगडला, आणि पुढच्या हंगामात नॉर्वेचा ताफा बंदरातच उभा राहिला. मग कंपन्यांनी साखरेचा कोटा ठरवावा तसं आपसात उत्पादन वाटून घेतलं. त्या वाटणीसाठी हे माप निघालं. देवमासे किती उरलेत याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

२ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टनमध्ये देवमाशांच्या शिकारीच्या नियमनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यातूनच पुढे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोग आला. कराराच्या प्रस्तावनेत दोन हेतू शेजारी-शेजारी बसलेत: देवमाशांच्या साठ्यांचं नीट जतन आणि त्यातून या धंद्याचा शिस्तशीर विकास. पुढची सगळी भांडणं या एका वाक्यातली आहेत, असं मला वाटतं. करारात आणखी एक कलम होतं. आयोगाचा एखादा निर्णय पटला नाही, तर ९० दिवसांत हरकत नोंदवायची. मग तो नियम त्या देशाला लागू होत नाही. म्हणजे दाराला कुलूप घातलं आणि किल्ली प्रत्येकाच्या हातात दिली.

अंटार्क्टिकासाठी मर्यादा ठरली वर्षाला १६,००० युनिट. ती सर्व देशांना मिळून एकच होती, कुणाच्या वाट्याला किती हे ठरलेलं नव्हतं. प्रत्येक फॅक्टरी जहाज आपली पकड दर आठवड्याला तारायंत्राने नॉर्वेतल्या सांडेफ्योर गावच्या आकडेवारी कार्यालयाला कळवी. तिथले कारकून बेरीज करत, एकूण आकडा मर्यादेच्या जवळ आला की हंगाम संपण्याची तारीख जाहीर करत. साहजिकच ती तारीख येण्याआधी जेवढं हाती लागेल तेवढं मारायची शर्यत लागली. जास्त बोटी, जास्त वेगाच्या बोटी. सुरुवातीला चारेक महिने चालणारा हंगाम दहा वर्षांत दोन महिन्यांवर आला. देवमासे तेवढेच मेले, खर्च मात्र वाढत गेला.

आता शिकारी बोटीवरच्या गनरच्या जागी उभं राहून पाहा. समोर दोन फवारे दिसतात, एक निळ्याचा, एक फिनचा. निळा मारला तर एका पाठलागात एक पूर्ण युनिट. फिनचे दोन पाठलाग केल्यावर तेवढंच तेल. तो निळ्याच्याच मागे जाणार. बरं, निळे विरळ झाल्यावर तरी हे थांबावं? एकाच जातीची शिकार असती तर थांबलंही असतं, कारण शोधण्याचा खर्च परवडला नसता. इथे मात्र फिनच्या जिवावर ताफ्याचा खर्च निघत होता. त्यामुळे ताफा दरवर्षी जातच राहिला आणि वाटेत चुकून दिसलेला निळा कुणी सोडला नाही. मुबलक जातीने दुर्मीळ जातीच्या शिकारीचा खर्च उचलला. अंटार्क्टिकातले निळे देवमासे मुळात सुमारे २,३९,००० होते असा आजचा अंदाज आहे. १९७३ च्या सुमारास ते साडेतीनशेच्या आसपास उरले होते.

पट्टीचंही असंच. सत्तर फुटांपेक्षा लहान निळा मारायचा नाही, असा नियम होता. जहाजावरचा निरीक्षक डेकवर ओढलेल्या प्रत्येक देवमाशाची लांबी लिहून ठेवी. नंतर अभ्यासकांनी त्या नोंदींचा आलेख काढला तेव्हा एक गंमत दिसली. ६८-६९ फुटांचे देवमासे जवळजवळ नाहीतच, आणि सत्तरवर एकदम गर्दी. समुद्रातल्या जनावरांना नियमाची लांबी ठाऊक असण्याचं कारण नाही. पट्टी धरणाऱ्याला ती ठाऊक होती.

शास्त्रज्ञ गप्प होते असं नाही. पण आकडे नक्की नाहीत, तोवर कपात कशाला, ही ढाल देशांच्या हाती होती आणि नेदरलँड्सने ती सर्वांत जास्त वापरली. १९६० च्या सुमारास आयोगाने अंटार्क्टिकात शिकार न करणाऱ्या देशांतले तीन तज्ज्ञ बोलावले: न्यूझीलंडचे रॅडवे अ‍ॅलन, अमेरिकेचे डग्लस चॅपमन आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतले सिडनी होल्ट. नंतर जॉन गलंडही त्यांना येऊन मिळाले. त्यांचं सामान साधंच होतं. एका बोटीला एका दिवसात किती देवमासे मिळतात आणि तो आकडा दरवर्षी कसा घसरतो, हे पाहायचं. मारलेल्या देवमाशाच्या कानात मेणासारखा मळाचा लांबट गोळा सापडतो. तो उभा कापला की झाडाच्या खोडासारखे थर दिसतात, त्यावरून वय काढायचं.

१९६३ साली या समितीने सांगितलं की मर्यादा काहीही ठेवा, पुढच्या हंगामात सुमारे १४,००० फिनच हाती लागतील. त्याहून जास्त मिळण्याइतके ते उरलेलेच नाहीत. हंगाम संपला तेव्हा आकडा आला १३,८७०. हिशेबावर शंका घेणाऱ्यांची बोलती बंद व्हायला हवी होती. तरी १९६४ च्या बैठकीत मर्यादेवर एकमत झालं नाही. १९६५ साली ती ४,५०० युनिटांवर आली, तोवर कमी करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

एवढी ढळढळीत आकडेवारी समोर असताना धंदेवाले आपल्याच पायावर कुऱ्हाड का मारत होते? कॅनडातले गणितज्ञ कोलिन क्लार्क यांनी १९७३ साली दिलेलं उत्तर अस्वस्थ करणारं आहे. देवमाशांची संख्या वर्षाला फार तर काही टक्क्यांनी वाढते. समुद्रातलं हे मुद्दल एवढं कमी व्याज देत असेल आणि बँक जास्त देत असेल, तर आजच सगळे देवमासे मारून पैसा बँकेत टाकणं हिशेबाला बरोबर ठरतं. म्हणजे हा मूर्खपणा नव्हता. हिशेब पक्का होता, फक्त तो देवमाशांचा नव्हता.

आणि ज्या आकड्यांवर हा सगळा वाद चालला होता, त्यांतले बरेच आकडे मुळातच खोटे होते.

१९९३ साली अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन इथे सागरी सस्तन प्राण्यांच्या परिषदेत रशियाचे जीवशास्त्रज्ञ अलेक्सी याब्लोकोव्ह यांनी ते उघड केलं. सोव्हिएत ताफे दशकानुदशकं आयोगाला बनावट आकडे पाठवत होते. दक्षिण गोलार्धात त्यांनी मारलेले हंपबॅक कागदावर २,७१० होते, प्रत्यक्षात ४८,००० हून जास्त. त्यातले जवळपास २५,००० तर १९५९ ते १९६१ मधल्या दोनच हंगामांतले. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरच्या शिकारकेंद्रांना एकाएकी हंपबॅक का दिसेनात, याचं उत्तर तीसेक वर्षांनी मिळालं. सोव्हिएत ताफ्याला तेलाच्या भावाशीही देणंघेणं नव्हतं. त्याला ठरवून दिलेला आकडा गाठायचा होता, आणि पुढच्या वर्षी तो आकडा वाढत असे.

खरी नोंद उरली ती जहाजांवरच्या जीवशास्त्रज्ञांमुळे. दिमित्री तोर्मोसोव्ह यांनी शिकारीची मूळ कार्डं नष्ट होऊ दिली नाहीत. घरच्या बटाटे साठवायच्या तळघरात त्यांनी ती वर्षानुवर्षं लपवून ठेवली. आयोगाची सगळी पत्रकं एकीकडे आणि हे तळघर एकीकडे.

अशाच दडवलेल्या नोंदींमध्ये आपला अरबी समुद्रही निघाला. दक्षिण गोलार्धाच्या मोहिमेवर निघालेले सोव्हिएत ताफे वाटेत इथे थांबले आणि त्यांनी २४२ हंपबॅक मारले. त्यातले जवळजवळ सगळे नोव्हेंबर १९६६ मध्ये, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांलगत मेले. या समुद्रात फॅक्टरी जहाजाने असे देवमासे मारायलाच बंदी होती, त्यामुळे ते कुठल्या अधिकृत कागदावर आले नाहीत. ताफ्यावरचे जीवशास्त्रज्ञ युरी मिखालेव्ह यांनी पोटं उघडून पाहिली होती. माद्यांच्या पोटातल्या गर्भांची वाढ दक्षिणेतल्या हंपबॅकच्या वेळापत्रकाशी जुळत नव्हती, उत्तर गोलार्धाच्या वेळापत्रकाशी जुळत होती. जठरात ताजे मासे होते. जगभरचे हंपबॅक थंड समुद्रात खातात आणि उबदार समुद्रात वितात. अरबी समुद्रातले दोन्ही कामं इथेच करतात, ध्रुवाकडे जातच नाहीत. पुढे जनुकीय अभ्यासातून कळलं की हा कळप सुमारे ७०,००० वर्षं इतरांपासून वेगळा पडलेला आहे. तो वेगळा आहे हे कळलं, पण त्यासाठी आधी तो जवळजवळ संपवला गेला.

नंतरच्या घडामोडी सांगून टाकतो. १९७२ साली ते तेलाचं कोष्टक रद्द झालं आणि प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी ठरू लागली. त्याच वर्षी एका देशाच्या जहाजावर दुसऱ्या देशाचा निरीक्षक ठेवण्याची पद्धत सुरू झाली, आणि सोव्हिएत बनवाबनवीला खऱ्या अर्थाने लगाम बसला. १९७९ साली सेशेल्सच्या प्रस्तावावरून हिंदी महासागर अभयारण्य झाला. भारत १९८१ मध्ये आयोगात आला. २३ जुलै १९८२ रोजी इंग्लंडमधल्या ब्रायटनला व्यापारी शिकारीवर स्थगितीचा ठराव २५ विरुद्ध ७ मतांनी संमत झाला. भारताचं मत ठरावाच्या बाजूने होतं. सगळ्या जातींची मर्यादा शून्य, १९८५-८६ पासून. शब्द ‘बंदी’ नव्हता. नवा, भरवशाचा हिशेब तयार होईपर्यंत थांबायचं, असं ते होतं.

आणि तो हिशेब खरंच तयार झाला. आयोगाच्या वैज्ञानिक समितीने काही वर्षं खपून एक गणिती रीत बसवली. तिला फक्त दोन गोष्टी लागतात: आजवर किती मारले आणि आज किती आहेत, त्या मोजणीत चूक किती असू शकते याच्या अंदाजासकट. मोजणी जितकी धूसर, तितकी मर्यादा कमी. म्हणजे ‘आकडे नक्की नाहीत’ ही जुनी ढाल उलटी फिरली. आता शंकेचा फायदा देवमाशाला. संख्या मूळच्या ५४ टक्क्यांच्या खाली असेल तर मर्यादा शून्य. ठरावीक वर्षांत नवी मोजणी केली नाही, तरी मर्यादा टप्प्याटप्प्याने शून्याकडे जाते. ही रीत संगणकावर शंभर शंभर वर्षांच्या लुटुपुटूच्या शिकारीत तपासली गेली. मुद्दाम वाईट गृहीतं धरून, उदाहरणार्थ जुन्या पकडीचे आकडे निम्मेच कळवलेत असं समजून. तळघरातली कार्डं तेव्हा अजून जगासमोर आलीही नव्हती.

वैज्ञानिक समितीने १९९२ साली ती पुढे केली. आयोगाने टोलवाटोलवी केली तेव्हा समितीचे अध्यक्ष फिलिप हॅमंड यांनी १९९३ मध्ये राजीनामा दिला. १९९४ साली आयोगाने रीत मान्य केली, पण देखरेख कोण करणार यावर घोडं अडलं ते अडलंच, आणि तिच्या आधारे आयोगाने आजवर एकही व्यापारी मर्यादा दिलेली नाही. मला यात दोन्ही बाजूंचा थोडा दांभिकपणा दिसतो. शिकारीला विरोध करणाऱ्या देशांना मुळात कुठलाच हिशेब नको होता, तसं त्यांनी सरळ म्हणायला हवं होतं. जपानने संशोधनाच्या परवान्याखाली अंटार्क्टिकात शिकार चालू ठेवली. ३१ मार्च २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ विरुद्ध ४ मतांनी ते संशोधन शास्त्रीय हेतूने चाललेलं नाही असा निकाल दिला. २०१९ साली जपान आयोगातून बाहेर पडला आणि स्वतःच्या समुद्रात उघड व्यापारी शिकार करू लागला. मर्यादा काढायला तो याच रीतीचा आधार घेतो. हरकत नोंदवून शिकार करणारा नॉर्वेही तिचीच एक सैलसर आवृत्ती वापरतो, आणि तिथे मर्यादेइतके मिंकी देवमासे मारायला आता पुरेसं गिऱ्हाईकही नसतं.

आता हीच रीत अरबी समुद्रातल्या हंपबॅकना लावून पाहू. पहिला आकडा, किती मारले: २४२, दडवलेल्या नोंदींमुळे कळलेला. दुसरा, किती आहेत: ओमानच्या किनाऱ्यावर शेपटीचे फोटो जुळवून काढलेला अंदाज ८२. हंपबॅकच्या शेपटीखालचे काळे-पांढरे ठसे प्रत्येकाचे निराळे असतात, त्यामुळे एकच जनावर दोनदा मोजलं जात नाही. मर्यादा अर्थातच शून्य येते, त्यासाठी संगणक उघडायचीही गरज नाही.

पण ८२ हा ओमानच्या बाजूचा आकडा. आपल्या बाजूला किती येतात, याची मोजणी जेमतेम सुरू झालीय. गोव्याच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली लावलेल्या ध्वनिमुद्रकात नर हंपबॅकचं गाणं सापडलंय. आणि २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ओमानच्या संशोधकांनी मसिरा आखातात एका मादीला उपग्रह-खूण लावली. तिच्या शेपटीवरचा ठसा धुपाच्या झाडासारखा दिसतो, म्हणून तिचं नाव लुबान. आपल्याकडे दर्ग्यात जळतो तो लोबान, त्याचंच अरबी रूप. डिसेंबरमध्ये ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली, काही दिवस राहिली आणि परत ओमानला गेली.