आयात शुल्क आणि महागाई: तेलाच्या डब्याचा हिशोब

१४ सप्टेंबर २०२४ रोजी कच्च्या पामतेल, सोयाबीन तेल आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेलं. आयात शुल्काने महागाई वाढते का, हे तपासायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. देशाला लागणारं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरूनच येतं.

आधी तेव्हाची आकारणी बघू. मूळ शुल्क २० टक्के, कृषी पायाभूत सुविधा उपकर ५ टक्के आणि या २५ टक्क्यांच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे अडीच. एकूण २७.५ टक्के. आधी हाच आकडा ५.५ होता. न्हावा-शेव्याला उतरलेलं कच्चं तेल हिशोबाच्या सोयीसाठी टनाला १ लाख रुपये धरा. शुल्क ५,५०० वरून २७,५०० रुपये झालं, म्हणजे किलोमागे २२ रुपये जास्त. वर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये १० पैसे. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून लिटरच्या पिशवीवर २१ रुपये आणि १५ किलोच्या डब्यावर जवळपास ३४७ रुपये.

ही वाढ दुकानात कधी पोहोचते? जहाज निघालं त्या दिवशीचा दर लागत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची सीमाशुल्क खात्याकडची नोंद, दाखल होणं आणि जहाजाला आवक-परवानगी मिळणं, यातलं जे नंतर घडेल त्या दिवशीचा दर लागतो. त्यामुळे समुद्रात असलेला मालही नव्या दरात सापडला. जुन्या दराने आलेला सुमारे ३० लाख टन साठा देशात होता आणि तो संपेपर्यंत भाव वाढवू नका, असं सरकारने कंपन्यांना सांगितलंही. पण वाशीच्या दाणाबाजारातला असो की ठाण्याच्या जांभळी नाक्यावरचा, व्यापारी आजचा डबा विकताना उद्याचा डबा कितीला पडेल हे बघूनच भाव लावतो. नाहीतर त्याचं भांडवलच आटेल. ऑगस्टमध्ये तेल-तुपाचा महागाई दर शून्याखाली होता, ऑक्टोबरमध्ये तो ९ टक्क्यांच्या वर गेला. यातला काही वाटा जगभर महागलेल्या पामतेलाचाही होता, सगळी वाढ शुल्काच्या नावावर टाकता येणार नाही.

शुल्क न लागलेला मालही महागतो. अमेरिकेने २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लावलं, तेव्हा तिथे मशीनचे भाव सुमारे १२ टक्के वाढले आणि शुल्क नसलेल्या ड्रायरचेही जवळपास तेवढेच. दोन्ही वस्तू जोडीने विकल्या जातात, म्हणून कंपन्यांनी वाढ दोघींवर वाटली. देशी उत्पादकांनीही भाव चढवले, कारण स्वस्त स्पर्धकच उरला नव्हता.

मग महागाई वाढली का? जून २०२५ मध्ये तेल-तूप वर्षभरात १७ टक्क्यांहून जास्त महागलं होतं, तरी देशाचा किरकोळ महागाई दर होता अवघा २.१० टक्के. २०१२ पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात तेल-तुपाचं वजन, म्हणजे घरखर्चात धरलेला वाटा, ३.५६ टक्के. १७ टक्के वाढीने एकूण दरात भर पडते ती ०.६ टक्क्याच्या आसपास, आणि तेव्हा भाज्या-डाळी उतरल्या होत्या. शिवाय शुल्क एकदाच वाढतं. वर्षाने तुलनेचा आधारच वाढीव भाव होतो, दर खाली येतो, पण शुल्क तेवढंच राहिलं तर पिशवीवरचे २१ रुपये तिथेच राहतात (इथे मूळ शुल्क मे २०२५ अखेर १० टक्क्यांवर आलं). म्हणून 'शुल्काने महागाई वाढत नाही' हे वाक्य घरखर्च चालवणाऱ्याला पटत नाही, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे.

खरी चिंता दुसऱ्या फेरीची. तेल महागलं की फरसाणाचं पाकीट हलकं होतं, वडापावचा दर चढतो, मग मजुरीची मागणी येते. ही साखळी चालू राहिली तरच एका वेळची भाववाढ सततची महागाई बनते. लोकांच्या हातातला पैसा तेवढाच असेल, तर ते इतर खरेदी कमी करतात आणि साखळी तुटते.

शुल्क लावलं होतं शेतकऱ्यासाठी. पण १०० किलो सोयाबीनमधून तेल निघतं साधारण १८ किलो, बाकी बहुतेक पेंड. इथेनॉल कारखान्यांतून येणाऱ्या स्वस्त पशुखाद्यामुळे पेंडीचा भाव दबला होता. त्यामुळे तेल तेजीत असूनही त्या हंगामात राज्यातल्या अनेक बाजार समित्यांत सोयाबीन क्विंटलला ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं.