मिनीची पुढची चाकं बाहेर का बघतात?

जुनी मिनी, म्हणजे १९५९ ला इंग्लंडमधे आलेली, अ‍ॅलेक इसिगोनिसने डिझाइन केलेली १० इंची चाकांची ती चिमुकली गाडी, तिच्या अलाइनमेंटला, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीला, हात घातला की आपल्याकडचा जुना मेकॅनिक सवयीने टो-इन देणार, म्हणजे चाकांची पुढची टोकं जराशी आत वळवणार, कारण प्रीमियर पद्मिनी गाडीवर तो जन्मभर तेच करत आला. पद्मिनीत जोर मागच्या चाकांवर, पुढची नुसती ढकलली जातात, रस्ता त्यांना मागे रेटतो, बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे) थोडे दबतात आणि चाकं फाकायला बघतात, म्हणून गाडी उभी असताना ती जराशी आत वळवून ठेवायची. मिनीत सगळं उलटं. इथे पुढचीच चाकं गाडी ओढतात, ओढताना पुढे पळू बघतात आणि आत वळतात, म्हणून तिला टो-आउट, म्हणजे पुढून जराशी फाकलेली चाकं, लागतो, १/१६ इंच, म्हणजे १.६ मिमी, साधारण रुपयाच्या नाण्याची जाडी.

आता गंमत अशी की मिनीत कारखान्याने अ‍ॅडजस्ट करायला दिलाय तो फक्त हा टो. कॅम्बर (चाक वरून आत-बाहेर झुकण्याचा कोन) आणि कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) फिक्स. त्यामुळे ते आकडे बिघडलेले दिसले तर काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा बसलंय एवढंच समजायचं. या गाडीला स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू (कोन) आहेत, इंजिनिअर अ‍ॅलेक्स मोल्टनची कल्पना, आणि रबर वर्षानुवर्षं दबत जातं, गाडी खाली येते, तशी वरून चाकं आत झुकतात आणि टोही हलतो.

गाडी एका बाजूला ओढते? आधी पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून बघा, हवा सारखी करून. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, विषय संपला. ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर ब्रेक बघाच, पण टाय बारचे बुशही बघा. हा बार लोअर आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, पुढून धरून ठेवतो, बुश गेला की ब्रेकला चाक मागे सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी तिकडेच जाते. अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी शांत उभी असते, तिथे यातलं काही दिसत नाही. माझ्या मते जुन्या गाडीवर निम्मे पैसे इथेच वाया जातात.

टायर दोन्हीकडे सारखे खाल्ले जात असतील, बाहेरून तर टो-इन जास्त, आतून तर टो-आउट जास्त. एकच टायर खातंय तर मात्र टोवर खापर फोडू नका, कारण सरळ जाताना टोची चूक दोन्ही चाकं आपापसात वाटून घेतात. वाकलेला आर्म शोधा.

चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा, प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो गोल सांधा. आडवं धरून हलवलं आणि खटखट आली तर टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक), किंवा स्टेअरिंग रॅकच (त्या दांड्यांना ढकलणारी दातेरी पट्टी) ढिला, त्याचे यू-बोल्ट आत कार्पेटखाली आवळलेले असतात आणि तिकडे कुणी बघतच नाही.

एवढं झालं की मगच मोजायचं. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी थोडी पुढे-मागे ढकलून बसू द्या. रिमच्या मागच्या कडेला खडूने खूण करून दोन चाकांमधलं अंतर घ्या, मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेरीएवढी पुढे न्या म्हणजे त्याच खुणा पुढे येतात, आणि परत मोजा, असं केलं की रिम किंचित वाकडी असली तरी हिशोब चुकत नाही. पुढचं माप १.६ मिमीने जास्त यायला हवं. गाडीच्या बाजूने दोरी ताणून, तिच्यापासून मोजणार असाल तर लक्षात ठेवा, मिनीची मागची चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांना एकूण साधारण ४ सेंमी जवळ असतात, त्यामुळे दोरी मागच्या टायरला टेकवली की माप गंडलंच. आणि फिरवताना दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, नाहीतर टो बरोबर येईल पण स्टेअरिंग वाकडं राहील.