रेग्युलर की मुक्त: रविवार कोण खातं?

"नोकरी आहे ना? मग मुक्त विद्यापीठातून कर एमकॉम, घरबसल्या होतं." सोलापुरात हा सल्ला चहाच्या टपरीपासून ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळेच देतात. ज्याला देतात त्याची नोकरी सहा दिवसांची, आणि जोडीदार पुण्यात, हिंजवडीला. मार्च उजाडला की ऑफिसात वर्षअखेरीचं क्लोजिंग, अभ्यासाचं सबमिशन आणि "तू भेटायला कधी येणार?" हे तिन्ही एकदम अंगावर येतात. मग प्रश्न पडतो, मुक्त घेऊनही वेळ का पुरत नाही? कारण हिशेबच चुकीचा मांडलेला असतो.

रेग्युलर म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वर्ग, हजेरी, अंतर्गत परीक्षा. पदवीच्या किमतीचा वाद मात्र आता पुरे झाला. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्टच केलंय. फक्त त्या अभ्यासक्रमाला डीईबीची, म्हणजे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची, मान्यता आहे ना, ते पाहा आणि प्रवेशाआधी विद्यार्थ्याचा डीईबी आयडी काढून ठेवा. फी, पुस्तकं वगैरे फरक किरकोळ आहेत.

खरी गल्लत तासांची आहे. एका श्रेयांकाला (क्रेडिटला) वर्गातल्या 15 तासिका धरतात, पण एकूण अभ्यास 30 तासांचा. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका पेपरला 120 तास. रेग्युलरमध्ये त्यातले 60 तास कॉलेज तुमच्याकडून वसूल करतं, तेही आठवड्याच्या दिवसांत. मुक्तमध्ये 120 च्या 120 तुमच्या गळ्यात. तास कमी होत नाहीत, फक्त ते काढायची जबाबदारी तुमच्यावर येते.

चार पेपर धरा. 480 तास, वीस आठवडे, म्हणजे आठवड्याला 24. एवढा अभ्यास कुणी करत नाही, मान्य. 14 वर भागवू. रोज रात्री जेवणानंतर दीड तास खरंच बसलात तर सहा दिवसांचे 9 होतात. उरलेले 5 रविवारी. मार्चमध्ये ऑफिसातून निघायलाच नऊ वाजतात, तेव्हा रात्रीचा दीड तासही जातो आणि सगळा ढीग रविवारवर. संपर्क सत्रं, म्हणजे अभ्यासकेंद्रावरचे वर्ग, तेही बहुतेक रविवारीच. थिअरीची सत्रं चुकवली तर चालतं असं म्हणतात, पण स्वाध्यायांच्या (असाइनमेंटच्या) तारखा आणि फॉर्मच्या सूचना तिथंच कळतात. प्रात्यक्षिक असेल तर सुटकाच नाही.

आणि रविवार हाच तुमचा भेटीचा एकुलता एक दिवस. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी लवकर निघून रात्री परत येता येतं, पण जाऊन-येऊन आठेक तास गाडीतच जातात. "गाडीत वाचू" म्हणणारे कुर्डुवाडीपर्यंत वाचतात, पुढे घोरतात. फोन कानाला लावून अभ्यास करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. ना धड अभ्यास, ना धड बोलणं. वीस मिनिटं बोला, पण पुस्तक मिटून.

रेग्युलरची कात्री वेगळी. 75 टक्के हजेरी म्हणजे 60 तासिकांतल्या 15 बुडवता येतात. पेपरला आठवड्याला चार तासिका असतील तर हे जेमतेम पावणेचार आठवडे. बरेच जण जानेवारी-फेब्रुवारीत शनिवारला जोडून सुट्ट्या घेत यातल्या आठ-दहा पुण्यापायी उडवतात आणि क्लोजिंगच्या आठवड्यात हात रिकामे. बुडवायच्या निम्म्याहून जास्त तासिका मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा. पण या मार्गात एक गोष्ट मिळते: कॉलेजनं आपले तास आठवड्यातच वसूल केले की रविवार बराच सुटतो.

म्हणून आमचं मत सरळ आहे. वर्ग सकाळचे आणि नोकरी दहा-साडेदहाची असेल, तर जोडीदार लांब असणाऱ्यानं रेग्युलरच घ्यावं. वर्ग दुपारचे असतील तर मुक्त, पण डोळे उघडे ठेवून. सेमिस्टर सुरू होताच संपर्क सत्रांचे रविवार अभ्यासकेंद्रातून लिहून आणा आणि तो कागद त्याच दिवशी पुण्याला पाठवा. त्या आठवड्यांत पुण्याचा माणूस शनिवारी सोलापूरला येईल. ज्याची सुट्टी दोन दिवसांची त्यानं प्रवास करावा, यात मानपान कसला? रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा मार्चची तिकिटं जानेवारीत काढा. तत्काळच्या भरवशावर नातं चालवू नका: एसी दहाला, बिगर-एसी अकराला, तेही आदल्या दिवशी, ऐन ऑफिसच्या वेळेत. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसेही परत नाहीत.

एक वाट फारसं कुणी पाहत नाही. अभ्यासकेंद्र सोलापूरचंच घ्यायला पाहिजे असं नाही, पुण्यातलं घेता येतं. सत्र आणि भेट एकाच फेरीत होतात. मेख एवढीच की परीक्षा केंद्रही बहुधा तिकडचंच येतं आणि पेपर आठवड्याच्या दिवशीही असू शकतात. मार्चअखेर राबून घेतल्यावर मे-जूनमध्ये चार-पाच दिवसांची रजा साहेब देणार का, हे फॉर्म भरण्याआधी विचारून घ्या.