प्रसूतीनंतर पाळी लांबणे

बाळंतपणानंतर मासिक पाळी पुन्हा सुरू होण्यास लागणारा विलंब. बाळाला अंगावर पाजणाऱ्या स्त्रीची पाळी काही महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ येत नाही. हा आजार नव्हे. बाळ अंगावर पीत नसेल, तर ती बहुधा दोन-तीन महिन्यांत येते. प्रसूतीनंतर पहिले चार ते सहा आठवडे जो स्राव जातो, तो गर्भाशय पूर्ववत होण्याचा भाग आहे. त्याला पाळी समजू नये.

बाळ चोखू लागले की आईच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवते आणि दूध तयार होते. त्याच वेळी बीजकोशांना चालना देणारे मेंदूतील संदेश मंदावतात. बीज पिकत नाही, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी राहते आणि गर्भाशयाचे अस्तर जाड होत नाही. ‘विटाळ आत साठून राहतो’ ही भीती त्यामुळे निराधार आहे. बाहेर पडण्याजोगे काही तयारच झालेले नसते. पाळी आणण्यासाठी काढे किंवा परस्पर आणलेल्या गोळ्या घेण्याचे कारण नाही. पाळी आल्यावर दूध नासते, हेही खरे नाही. इस्ट्रोजेन कमी असल्याने योनिमार्ग कोरडा पडू शकतो आणि संबंधाच्या वेळी दुखते, हे मात्र बाळंतिणीला क्वचितच कोणी सांगते. सांगायला हवे.

पाळी किती लांबेल, हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि रात्री पिते का, यावर ठरते. कोकण किनाऱ्यावर याला कामाच्या हंगामाचीही जोड आहे. पावसाळी मासेमारीबंदी संपून ऑगस्टमध्ये होड्या समुद्रात गेल्या, की हर्णैसारख्या बंदरांतील मासळी विकणाऱ्या बायका टोपली उचलतात. तान्हे मूल आजीपाशी राहते, दोन पाजण्यांमधले अंतर वाढते आणि पाळी लवकर परतू शकते. घरी राहून रात्रंदिवस पाजणाऱ्या जावेची पाळी तेव्हा आलेली नसेल, तर दोघींपैकी कोणाच्याच शरीरात खोट नसते.

पाळी नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत, हा समज सर्वांत महाग पडतो. बीज आधी सुटते, पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. त्यामुळे पहिली पाळी न येताच पुन्हा गर्भ राहू शकतो. माहेरी बाळंतपण उरकून सासरी आलेली सून आणि गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईहून येणारा चाकरमानी नवरा, अशा घरांत हे आधीच बोलून ठेवावे. स्तनपानाचे संरक्षण ९८ टक्क्यांहून अधिक असते, पण तीन अटी एकदम पाळल्या तरच: पाळी आलेली नसावी, बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे आणि ते केवळ अंगावरच्या दुधावर असावे. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हे सूत्र मान्य केले. दिवसा चार आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड पडू नये, असे सांगितले जाते. उकाड्यात पाजलेले पाणी, घुटी, वरचे दूध यांनी तिसरी अट ढिली होते. सहाव्या महिन्यात उष्टावण झाले, नाचणीचे सत्त्व सुरू झाले, की या संरक्षणाचा भरवसा धरू नये. पाजणाऱ्या आईला चालणारी गर्भनिरोधक साधने सरकारी आरोग्य केंद्रांतही मिळतात: तांबी, ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी. ‘अंतरा’ घेणाऱ्या कित्येकींची पाळी त्या इंजेक्शनानेच अनियमित होते किंवा थांबते. तेवढ्यावरून घाबरू नये.

अंगावर पाजणे नसताना किंवा बंद करूनही तीन महिने पाळी आली नाही, तर तपासणी करावी. सुरुवात लघवीच्या गर्भचाचणीपासून होते; मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन पाहतात. प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर पिशवी खरवडली असेल, तर आतले पडदे एकमेकांना चिकटलेले असू शकतात. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला, नंतर दूधच उतरले नाही, प्रचंड थकवा राहिला आणि पाळीही आली नाही, तर पीयूषिका ग्रंथीला इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. याला शीहान विकार म्हणतात. तो क्वचितच आढळतो, पण ‘अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा’ म्हणत वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. योग्य संप्रेरके दिल्यास अशी स्त्री सावरते.