कशाला मोड येतात? बालवाडीतला पंधरा दिवसांचा प्रकल्प

‘झाडे’ हा विषय चार-पाच वर्षांच्या मुलांच्या प्रकल्पासाठी फार मोठा आहे. मग ताई चित्रं चिकटवतात, पालक घरी थर्माकोल कापतात आणि मुलं नुसती बघत बसतात. मुलांना स्वतःच्या हातांनी तपासता येईल असा लहानसा प्रश्न हवा. ‘कशाला मोड येतात आणि कशाला येत नाहीत?’ हा तसा प्रश्न आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प पद्धती मांडली, तिचा गाभाही मुलांनी मनापासून हाती घेतलेलं काम हाच होता.

साहित्य स्वयंपाकघरातलंच. सहा वाट्यांत प्रत्येकी दोन चमचे अख्खे मूग, मुगाची डाळ, फुटाणे, टरफलासकट भात, तांदूळ आणि साबुदाणा घ्यावा. भिजवण्याआधी प्रत्येक मुलाने आपलं चिन्ह काढलेलं बाटलीचं झाकण, मोड येतील असं वाटतं त्या वाटीपुढे ठेवावं. बहुतेकदा साबुदाण्यापुढेही झाकणं जमतात. तिथे ताईंनी उत्तर सांगून टाकलं, तर प्रकल्प संपलाच!

आठ-दहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळावं, ओल्या सुती फडक्यात सैल पुरचुंड्या बांधाव्यात आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावं. साबुदाणा चिकट होतो, तो वाटीतच ठेवावा. उन्हाळ्यात मुगाला दुसऱ्या दिवशी मोड दिसतात, भाताला तीन-चार दिवस लागतात, थंडीत सगळंच लांबतं. सुरुवात सोमवारी करावी, कारण रविवारी बालवाडी बंद असते आणि फडकी वाळतात. पाणी साचून राहिलं तर बियांना हवा मिळत नाही, त्या आंबतात आणि वास मारतात.

काहींना मोड का येत नाहीत, हे दाखवायला भिजलेला हरभरा घ्यावा. साल काढून दोन दळं अलगद उघडली की टोकाशी इवलासा अंकुर दिसतो. डाळ भरडताना हा अंकुर बहुधा तुटतो किंवा निघून जातो, फुटाण्यात तो भाजून मरतो, भात सडून पांढरा तांदूळ करताना कोंड्याबरोबर जातो. साबुदाणा तर बीच नाही, टॅपिओकाच्या कंदातल्या पिठाचे ते गोळे.

पुढच्या आठवड्यात पारदर्शक पेल्यात आतून टिपकागद गुंडाळून बसवावा, तळाशी दोन सेंटिमीटर पाणी घालावं आणि भिजवलेली चवळी कागद नि पेल्याच्या मधोमध, पाण्याच्या वर अडकवावी. मूळ दोन सेंटिमीटरचं झालं की पाणी ओतून टाकून पेला आडवा ठेवावा, कागद मात्र ओला राहू द्यावा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक जमिनीकडे वळलेलं दिसतं. मुळाच्या टोकातल्या पेशींत पिठाचे जड कण असतात. पेला आडवा होताच ते नव्या खालच्या बाजूला सरकतात आणि त्यावरून मुळाला दिशा कळते. मुलांना एवढं सगळं सांगायची गरज नाही. ‘आता पेला उलट फिरवला तर?’ असं विचारावं आणि फिरवू द्यावं.

दाणे नाकाकानात घालण्याचा धोका खरा आहे. अडकलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढणं अवघड होतं. म्हणून दाणे मोजून द्यावेत, मोजून परत घ्यावेत, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती देऊच नयेत. कच्चे मोड खायला देऊ नयेत. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्यातच जंतूही वाढतात. उसळ करायची तर ताजे मोड वेगळे आणून नीट शिजवावेत.

अक्षरं न येणाऱ्या मुलांची नोंदवही लोकरीची. आडवा प्रयोग आटोपला की पेला उभा करून, पाणी घालून कोंब वाढू द्यावा. रोज ठरलेल्या वेळी कोंबाएवढा दोरा कापून तक्त्यावर त्या दिवसाच्या चित्राखाली चिकटवायचा. चार-पाच दिवसांत आलेख तयार होतो. मोजायचं रोप एकच हवं, म्हणून पेल्यावर रंगीत खूण करावी. नाहीतर मंगळवारचा दोरा सोमवारपेक्षा आखूड निघतो. तसा निघालाच, तर ताईंनी तो गुपचूप बदलू नये. दोन्ही दोरे पेल्याला लावून बघायला मुलांनाच सांगावं.