छोटी लाल झाडं घेताय? आधी तो लाल कसला आहे ते बघा

माशांचा टँक पाणवनस्पतींनी सगळा हिरवागार झाला की मधेच कुठेतरी लाल काहीतरी हवं असं वाटतंच, मग फोटोत लालभडक दिसलेलं झाड आपण आणतो, महिन्याभरात ते मळकट हिरवं होतं आणि सगळे सांगतात लोह टाक. लोह हवंच, पण ते हरितद्रव्य तयार व्हायला, लाल रंगात लोहाचा अणूच नसतो!

खरी गंमत म्हणजे सगळ्या झाडांचा लाल एकच नसतो. रोटाला, लुडविजिया या पाणवनस्पतींचा लाल अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. लाईट जोरात पडला की झाड ते एक प्रकारचं सनस्क्रीन म्हणून बनवतं, आणि पाण्यात नायट्रेट (झाडाला नायट्रोजन देणारं खत) कमी असेल तर बनलेल्या साखरेची प्रथिनं होत नाहीत, ती साखर रंगाकडे वळते. म्हणून रोटालाची एच्‌रा ही जात कमी नायट्रेटमध्ये जास्त लाल होते.

एआर मिनी म्हणजे अल्टरनँथेरा मात्र बीटाच्या कुळातली, तिचा लाल बीटालेन या रंगद्रव्याचा, आणि या रंगाच्या रेणूतच नायट्रोजन असतो. म्हणजे रोटाला लाल करायला तुम्ही नायट्रेट उतरवलं की ही बिचारी उपाशी, खालची पानं पिवळी पडून गळायला लागतात. एकाच टँकमध्ये दोन्ही ठेवून दोन्ही झकास हव्या असतील तर डोकं धरून बसायची तयारी ठेवा.

नवीन असाल तर मी एआर मिनीच सांगेन. रंग तिचा स्वतःचा असतो, साधारण ५ ते १० सेंमी उंच, वाढ सावकाश, त्यामुळे सारखी कात्री नको. फक्त लाईट कमी पडला की ती लांबुडकी होते आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) दिला तर फरक लगेच दिसतो, कारण पाण्यात हा वायू हवेपेक्षा जवळजवळ १०,००० पट हळू पसरतो. सीओटू नकोच असेल तर क्रिप्टोकोरिन वेंडटीची तपकिरी जात घ्या, लालभडक नाही पण टिकते.

दुकानातली रोपं बरेचदा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे टँकमध्ये लावल्यावर जुनी पानं विरघळली तर घाबरून उपटू नका, देठ कडक असेल आणि शेंड्याला नवीन पान दिसत असेल तर झाड जिवंत आहे, कुजलेली पानं तेवढी काढून टाका.